मागच्या चार आठवड्यांत

छातीत दुखलं? किती वेळा?
रोज, आठवड्यातून काहीदा, कधीच नाही.
क्लिफर्ड हेबलथ्वेट चष्मा पुसत राहतो,
उत्तर काचेवर असावं तसा.
शेफील्डच्या या खोलीची खिडकी पार्किंगकडे उघडते,
म्हणजे उघडत नाही, नुसती बघते.

फुप्फुसातली गुठळी एप्रिलमध्येच विरघळली.
स्कॅन स्वच्छ आहे. उरलंसुरलं मोजायचं काम माझं:
जगण्याचा दर्जा, नऊ पानं, काळी शाई.

जिना चढताना त्रास? एक मजला?
'अडुसष्ट पायऱ्या,' तो म्हणतो.
चर्चच्या मनोऱ्यातल्या, गोल फिरत जाणाऱ्या,
मधोमध झिजलेल्या.
एकतीस वर्षं सहावी घंटा त्याची. सगळ्यांत जड.
दोर ओढण्यात काही नसतं म्हणे,
वेळेवर सोडता यायला हवा.
माझ्याकडे एका मजल्याचाच चौकोन आहे.
मी 'खूप त्रास'वर खूण करते.

एकटं राहायची भीती वाटते?
'छे.'
त्याच्या मागे बसलेली डोरीन
पर्सची चेन उघडते, लावते, उघडते.
रात्री तिचा तळहात त्याच्या पाठीवर असतो,
वरखाली होतोय ना ते बघत.
हे ती मला कॉरिडॉरमध्ये सांगते, कोटाची बाही शोधता शोधता.
तिच्यासाठी फॉर्म नाही.

आई म्हणायची, दम खा जरा. दम धर.
खाण्याची, धरण्याची वस्तू असल्यासारखा.
हे मी त्यांना कसं सांगू,
आणि कशाला.

सहा महिन्यांनी तीच नऊ पानं.
जिना? 'काही त्रास नाही.'
चढाचा रस्ता? जड सामान? 'नाही. नाही.'
आकडा निम्म्यावर आला. कॉम्प्युटरनं रेघ हिरवी केली.
पेनाला टोपण लावून मी सहज विचारलं, मनोरा?

'पलंग खाली आणलाय आता, बैठकीत.
दुकानात डोरीन जाते.
तिकडे पाच घंटा वाजवतात रविवारी.
पाचांचाही मेळ बसतो. ऐकणाऱ्याला कळत नाही.'

जो जिन्याला पायच लावत नाही
त्याला जिन्याचा त्रास कसला.
उत्तर खरं होतं. आकडाही खराच.

समासात काही लिहायचं नाही असा नियम आहे.
मी पेन्सिलनं ६८ लिहिले, आपल्या आकड्यांत.
डेटा भरणारी ब्रॉनी कागद उलटा धरून विचारते,
हे काय, नक्षी?

पायऱ्या, म्हटलं.
भरू नकोस कुठे.