थंड इंजिन

पुस्तकात लिहिलंय : इंजिन पूर्ण थंड असताना.
ते पुस्तक कुठल्यातरी थंड गावात छापलं असणार.
भुसावळला वैशाखात
रात्री अकरालाही ओट्यावर हात टेकवत नाही,
नळाला पाणी येतं तेच चहाला अर्धं तयार,
आणि गाडी
अंगणात नुसती उभी राहून तापते.

म्हणून पहाटे चार.

भाऊ गच्चीवरून उशी बगलेत घेऊन उतरतात.
एकतीस वर्षं डिझेल शेडमध्ये काढली.
शेडने पेन्शन दिली, कान ठेवून घेतले.

परवा हेड उतरवलं पापडाच्या परातीत.
स्प्रिंग दाबताना एक लॉक उडालं, तांदळाच्या दाण्याएवढं,
ते आईने शोधलं, चुंबक बांधलेल्या दोरीने,
गव्हाच्या कोठीखाली.
एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेला एका जागी खाल्लेला.
आग बाहेर सोडायचं काम त्याचं.
इनटेकचा काळवंडलेला, पण धड.

नवा व्हॉल्व्ह, जुनी सीट :
त्यांची ओळख करून द्यावी लागते.
पेस्ट लावून काठी तळहातांत,
ताक घुसळावं तशी,
उचलायची, फिरवायची, पुन्हा टेकवायची,
कडेभोवती राखाडी रिंग अखंड दिसेपर्यंत.
माझे हात भरून आले तेव्हा भाऊंनी घेतली,
त्यांचे भरून आले तेव्हा मी.
रॉकेल आता कुठे मिळतं?
पोर्टात पेट्रोलच ओतलं
आणि दोघं खाली वाकून बघत बसलो,
थेंब येतो का.
आला नाही.

आज फक्त टॅपेट.
टीची खूण खाचेशी जुळवली,
गेजची पाच शतांशाची पट्टी आत सरकवली.
"अडकत अडकत जाऊ दे," भाऊ म्हणाले, "कापडातून सुई जाते तशी."
नट आवळला, किक मारली.
टिक टिक टिक.

"मले ऐकू येत नही. तू ऐक."
"वाजतंय," मी बोटांनी दाखवलं.
मी पाना उचलला, अजून जरा आवळायला.
मला सकाळी सात वाजता यावलच्या दवाखान्यात पोचायचं असतं,
आणि रस्ताभर ती टिकटिक मांडीखाली नको होती.

भाऊंनी मनगट धरलं.
"थोडं वाजू दे.
आवाज बंदच करशीन तं व्हॉल्व्ह टेकनार नही पुरा,
अन् टेकला नही का जळीन."

वरून फेगडेंच्या सिंधूताई ओरडल्या,
"काहून हो, चार वाजता काय ठोकू राहिले?"
भाऊंनी ऐकलं नाही. मी सांगितलं नाही.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवलं,
लाकडी मूठ दातांत धरली,
डोळे मिटले.
इंजिन चालू.
बराच वेळ ते तसेच, तोंडात मूठ घेतलेले,
जबड्याजवळची एक शीर हलत होती
टिकटिकीच्या लयीत, किंवा मला तसं वाटलं.

मग मूठ बाहेर काढून, थुंकून म्हणाले,
"हा. येते."

पूर्वेला सिग्नल हिरवा.
टाकीवर हात ठेवून पाहिला.
अजून थंड.