पगार

माझं आडनाव पगार.
मूळचे आम्ही कळवणकडचे.
शाळेत पोरं चिडवायची: ए पगार, कधी होणार?
तेव्हा पाय होते, चिडवणाऱ्याच्या मागे धावायला.

आज एक तारीख.
सिडकोत, पवननगरच्या तळमजल्यावर
मी वही उघडते, लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी,
आणि जन्मात पहिल्यांदा
कुणाला तरी पगार देते.

पैसे अकरा वर्षं माझेच होते.
अंबडच्या कंपनीने मानेच्या बदल्यात दिलेले,
त्यांचं व्याज, वर चिमूटभर सरकारी पेन्शन.
ते दादाच्या सहीने संस्थेकडे जायचे
आणि माझ्याकडे बायका यायच्या,
निळ्या कोटातल्या, दर महिन्याला नवी.
पावणेसहाला अंघोळ,
कारण गाडी पुढे इंदिरानगरला जायची.
साडेसातला झोप,
कारण ड्यूटी संपायची.
भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही.
कितीतरी मालिका मी नुसत्या ऐकून संपवल्या,
एकाही नायिकेचं तोंड पाहिलं नाही.

पेशंटला काय पाहिजे, त्या दादाला विचारायच्या.
दादा वाईट नाही. हे लिहून ठेवते, तो वाचेल.
मीठ कमी, सांगायचा. चहा अर्धा कप.

मला चहा पूर्ण लागतो.

बँकेतल्या साहेबांनी विचारलं, कुठला अंगठा चालतो?
म्हटलं, डावा. आणि डोकं.

दादा म्हणाला, फसवतील तुला.
फसवलं. पहिल्याच आठवड्यात.
रंजना, दोन हजार आगाऊ घेऊन
ओझरला गेली ती गेलीच.
वहीत लिहिलं: रंजना, २०००, गेले.
रात्री रडले. मग मधेच हसू आलं.
किती वर्षांनी एक चूक
माझ्या एकटीच्या नावावर होती.

मग तुळसाबाई गांगुर्डे.
वीस वर्षं द्राक्षांच्या बागांत विरळणी केलेली,
घड न दुखवता आतले मणी कातरणारी बोटं.
मी एकच विचारलं:
केस धुताना बोलता, की गप्प राहता?
तुम्ही म्हणाल तसं.
नाही, तुमचं सांगा.
तिने विचार केला. म्हणाली, बोलते बाई,
तुमच्या कानात पाणी जाईस्तोवर.
घेतली.

अंघोळ साडेदहाला.
रात्रीला वरच्या मजल्यावरची फरजाना, नर्सिंग शिकणारी,
दोन हजार आणि जेवण.
व्यायामवाला तीनदाऐवजी दोनदा,
उरले बाराशे, ते रिक्षाला.
रिक्षा कशाला? दादा वही चाळत.
बुधवारच्या बाजाराला.
कोथिंबीर तर दारावर येते.
येते.

गोदेकाठी चाक रुतलं.
दोघं न विचारता धावले, पुढून धरून ओढायला लागले.
थांबा, म्हटलं. मागून उचला.
थांबले.
भाजीवाली तुळसाबाईकडे बघून:
काय देऊ यांना?
आणि ही एवढी बोलणारी बाई
एकदम गप्प. कांद्यांकडे बघत उभी.
जुडी कितीला, मी विचारलं.
वीस.
पंधरा.
तिने मग मला पाहिलं. डोळ्यांत, चाकांकडे नाही.
अठरा, आणि मिरच्या टाकते वर.
मिरच्या जुन्या निघाल्या.
मांडीवर जुडी ठेवून घरी आले,
लुगड्याला चिखल, दिवसभर वास.

तर, एक तारीख.
तुळसाबाई नोटा माझ्यासमोरच मोजते,
थुंकी लावून, बागेतल्या सवयीने.
मोजून थांबते.
ताई, सात तारखेला मी आले नव्हते.
ताप होता ना तुम्हाला.
तरी कापायचा असतो.
बागेत कापायचे?
बागेत तर उशीर झाला तरी कापायचे.

मी वही बघते.
नाव, तारीख, रक्कम, शिल्लक एकशे चाळीस.
तापाला रकानाच नाही.
अकरा वर्षं ज्यांचे हात माझ्या अंगाला लागले
त्यांच्या तापाचं कुणी काय केलं,
मी कधी विचारलं नव्हतं.

पट्टी द्या, म्हणते.
ती पट्टी धरते.
रेघ मी ओढते, डाव्या हाताने.
जरा वाकडी येते.