खाच

मॅलकी म्हणतो, आज भांगाचं पाणी,
ना धड चढत ना धड उतरत,
मासा यायचा नाही.
एकतीस वर्षं हेच म्हणतोय
आणि तरी साडेपाचला धक्क्यावर उभा,
थर्मास काखेत, टोपी भुवयांवर,
माझ्याआधी दोर सोडून झालेला.

बोट चौदा फुटी. नाव 'दुसरी ब्रिडी'.
पहिली मी.
लोर्कननं रंगवलं ते, आमच्या लग्नाच्या वर्षी.
शेवटचं अक्षर मावेना,
तर वळवून खाली घेतलं
मांजराच्या शेपटीसारखं.

वेक्सफर्डचा हा किनारा सगळा खडपांचा.
आम्ही बाहेरच्या अंगाला जातो,
जिथं ओहोटी दगडांवरून घसरते
आणि फेसाखाली बास उभे असतात,
तोंड प्रवाहाकडे करून,
दुकान उघडायची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.
इंजिन बंद.
मॅलकी वल्ह्यांवर बोट तिरकी धरून ठेवतो,
मी गळ टाकते.
आमिष रबराचं, शेपूट कुरतडलेलं,
लोर्कनच्या डब्यातलं शेवटून तिसरं.

काठावर, माझ्या डाव्या हाताशी, एक खाच आहे.
मापाचा नियम बदलला त्या हिवाळ्यात
त्यानं चाकूनं पाडलेली.
बाकाच्या कडेपासून खाचेपर्यंत बेचाळीस सेंटीमीटर.
त्याहून आखूड तो परत पाण्यात.
कायदा सरकारचा,
पण या बोटीत तो लोर्कनचा होता,
त्यामुळे हुज्जत नाही.
किती गेले असे,
शेपटी खाचेला टेकता टेकता राहिलेली,
आणि मॅलकी कळवळून,
'अरे, जरा ताणून तर बघ!'
'मासा आहे तो,' लोर्कन म्हणे, 'मोजा नव्हे.'

मागल्या रविवारी साइव्ह आली, माझी नात,
रॉडसाठी नवा खोबणा बसवायला,
स्टीलची टेप घेऊन.
सहज म्हणून तिनं मोजलं.
चव्वेचाळीस. वर दोन रेघा.
पुन्हा मोजलं.
मॅलकी मटकन बाकावर बसला
आणि बोटांवर जेवणं मोजू लागला,
आठ वर्षांची,
मग हातांची बोटं पुरेनात म्हणून थांबला.

सुतार होता लोर्कन.
त्याचे दरवाजे केसभर घासत नसत.
पण आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरून
संत्री अजून घरंगळतात.
तेव्हा मला काय माहीत.
विचारायला दोन वर्षं उशीर झालाय.

आज, मासा यायचा नव्हता त्या पाण्यात,
रॉड एकदम वाकला.
रीळ किरकिरलं, दोर खडपाकडे धावला,
'आत घे, आत, आत,' मॅलकी ओरडत होता
जसं काही मी बाहेर देणार होते.
जाळ्यात आला तेव्हा
पाठीवरचे काटे ताठ, कल्ले तांबडे,
अंगावर उजेड नुकताच घासून काढल्यासारखा.
ओल्या फडक्यात धरून बाकाला लावला.
खाचेला बोटभर कमी.

मॅलकीनं खिशातून टेप काढली.
म्हणजे आठवडाभर ती त्याच्याच खिशात होती.
'त्रेचाळीस,' म्हणाला.
आणखी काही म्हणाला नाही,
माझ्याकडे पाहिलंही नाही,
खडपाकडे बघत राहिला,
तिथं एक पाणकावळा पंख वाळवत होता.
मासा तोंड उघडत होता, मिटत होता.
अशा वेळी फार विचार करणं
हा माशावर अन्याय.
मी ठोकणं उचललं. एकदाच, नीट.

रात्री लोण्यात परतला, बडीशेपेच्या पाल्यावर,
सोबत उकडलेले बटाटे.
तिसरी खुर्ची साइव्हच्या कोटासाठी होती,
ती आली नाही, कोट कालपासून तिथेच होता.
मॅलकीनं काटा न काटा चोखला,
गालाखालचं मऊ मांस
न मागता माझ्या ताटात ठेवलं.
मग हात पुसले, टोपी घातली,
दारात जरा रेंगाळला.

'चांगला होता,' म्हणाला.
'पण लहान होता गं.'