साडेअकरा मिलिमीटर

गोकर्णीची पानं कडेनं कातरलेली दिसली
तेव्हा मी आधी कपाटातून व्हर्नियर काढला.
बत्तीस वर्षं फाउंड्रीत इन्स्पेक्शनला काढली,
हात दुसरं काय करणार?
मालन म्हणाली, "मापताय काय, किडा शोधा."

काही काप लांबट, काही गोल.
गोल ते सगळे साडेअकरा,
फार तर केसभर इकडंतिकडं.
असा टॉलरन्स आमच्या शिफ्टला
बोनसच्या महिन्यातसुद्धा निघाला नव्हता.

पहिला संशय मुल्लाणींच्या शेळीवर.
पण शेळी देठासकट नेते. सुटली.
अळी म्हणावं तर खाली लेंडी नाही,
गोगलगाय म्हणावं तर चकाकती रेघ नाही.
पलूसच्या दुकानातला पोरगा
मोबाइलमधून मान न काढता म्हणाला,
"उडद्या असंल काका," आणि बाटली दिली,
पिवळ्या त्रिकोणाची.
द्राक्षाच्या मुलखात प्रत्येक भोकाला उडद्याच.

तीन रात्री बॅटरी घेऊन बसलो.
मिरजेकडची गाडी गेली, डास चावले,
एक पाल भेटली, तीही ड्युटीवर.
पानं जशीच्या तशी.
सकाळी मोजले, तेवीस काप.
जेवून उठलो तर सव्वीस.
म्हणजे कामगार जनरल शिफ्टचा
आणि मी खुळ्यासारखी रात्रपाळी करतोय.

मग भर उन्हात स्टूल टाकलं, डोक्यावर टॉवेल.
आली.
काळसर माशी, पोटाखाली पिवळी लव.
पानाच्या कडेवर स्वार झाली
आणि कापत कापत फिरली, कंपासचं टोक फिरावं तशी;
तुकडा सुटला,
तो पोटाशी गुंडाळून उडाली.
खाल्ला नाही. घासभरसुद्धा नाही.

लांब गेली नाही.
मीच मांडवाला बांधलेल्या बांबूच्या
उघड्या तोंडात शिरली.
मालननं हातातला आरसा धरून ऊन आत पाडलं:
लांबट तुकड्यांच्या भिंती,
आणि ज्याचं काम संपलं त्यावर गोल झाकण.
"बाळंतिणीची खोली हाय ही," मालन हळू बोलली,
जणू आत कुणी झोपलंय.

संध्याकाळी बांबूचं तोंड आतून मापलं.
अकरा.
अर्धा मिलिमीटर तिनं जास्तीचा धरला होता,
झाकण दाबून बसावं म्हणून.

वेल फाटकी दिसते, येणारे-जाणारे बोलतात.
बाटली दुकानदार परत घेईना,
ती फळीवर सीलबंद आहे.
आणि मी अजून एक बांबू कापून ठेवलाय,
तो जरा नऊचा निघाला.
बघू, चालतो का तिला.