आधी दाणा ठरवा

सियागंजात, शेवेच्या गोदामावरच्या खोलीत
हुजैफा फळ्यावर मधोमध एक चौकोन काढतो,
भोवती पाच. रेघांनी जोडतो.
"ये तारा है," म्हणतो.
मला कोळी दिसतो,
पण वहीत मी तारा लिहिते.

एक्कावन्नाव्या वर्षी,
तेवीस वर्षं टॅलीत व्हाउचर मारून झाल्यावर
मी डेटा वेअरहाउस शिकते आहे.
मालकांच्या मुलाला एका बोटावर कळायला हवं:
रतलामी कुठे खपते, लौंग शेव कुठे,
कुठल्या महिन्यात, कोणाच्या हातून.

"पहले दाना तय करो, दीदी.
एक लाइन मतलब क्या?"
बिल? बिलातला एक माल? की एकेक पाकीट?
मी म्हटलं, दिवसाची बेरीज घेऊ, जागा वाचेल.
तो हसला. बेरीज केव्हाही करता येते,
बेरजेतून दाणा परत निघत नाही.
खाली हमाल बेसनाची पोती उतरवत होते.
मी लिहिलं: एक ओळ म्हणजे
एका बिलावर एक माल, एकदा.

मधल्या चौकोनात नुसते आकडे. किलो, रुपये, सूट.
बाजूच्यांत उरलेलं जग.
तारखांचं तर वेगळंच टेबल,
पुढच्या दहा वर्षांचे दिवस त्यात आधीच भरलेले.
दहाही रंगपंचम्यांसमोर मी 'सुट्टी' लिहिलं.
घडलेलं काही नाही, दिवस मात्र तयार.

मग गोपीकिशन नीमा आले.
म्हणजे त्यांची नोंद आली.
मल्हारगंजातलं दुकान अर्धं रस्त्यात गेलं
तेव्हा ते विजयनगरात गेले.
मी जुना पत्ता खोडून नवा घातला,
आजवर असंच करत आले.
रिपोर्ट काढला, तर गेल्या दिवाळीची
सव्वातीनशे किलो शेव
मल्हारगंजातून उठून
विजयनगरात जाऊन बसलेली.
मल्हारगंजात त्या दिवाळीला
कोणी काही खाल्लंच नव्हतं जणू.

हा झाला पहिला प्रकार, हुजैफानं समजावलं,
खोडा आणि वर लिहा.
दुसऱ्यात खोडायचं नाही.
जुन्या ओळीला शेवटची तारीख द्यायची,
खाली नवी ओळ, नवा क्रमांक,
आणि त्या क्रमांकाला काही अर्थ नको.
"मतलबवाली चीज़ें बदल जाती हैं."
नव्या ओळीची शेवटची तारीख?
एकतीस डिसेंबर, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
मी पुन्हा विचारलं. तेच म्हणाला.
नीमाजी बहात्तर वर्षांचे आहेत.

संध्याकाळी तो नमाजाला गेला.
सरावाचं टेबल उघडंच होतं.
मी एक ओळ भरली:
कुमुद दिघे, रामबाग.
पासून सतरा ऑगस्ट चौऱ्याहत्तर,
पर्यंत आठ मे अठ्ठ्याण्णव.

त्या दिवशी ताटात तांदूळ पसरले होते,
अंगठीनं त्यांत 'अपर्णा' लिहिलं गेलं.
सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले,
मग कोणीतरी हातानं तांदूळ सारखे केले
आणि ताट आत नेलं.
दुसऱ्या दिवशी ते शिजले असणार.

खाली दुसरी ओळ:
अपर्णा मुजुमदार, सुदामानगर,
पर्यंत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
मग मधल्या चौकोनात
शाळेतली खो-खोची ढाल टाकून पाहिली,
सन एकोणनव्वद, नग एक.
रिपोर्ट चालवला.
ती कुमुदपाशी जाऊन बसली.
दोनदा चालवला. उठली नाही.

जिन्यात पावलं वाजली, मी स्क्रीन बदलली.
सरावाचं टेबल सोमवारी रिकामं करतात.
आज शुक्रवार.