सातवा रकाना

अंबाझरीच्या गेस्ट हाउसात मे महिन्यातली बैठक.
बाहेर शेहेचाळीस, आत कूलरमधून वाळ्याचा ओला वास,
टेबलावर अकरा फायली.
पैसे तिघींपुरते.

सातवा रकाना : यशाची शक्यता.
पेन्सिलीनं भरायचा, असं तोंडी ठरलंय.

पहिल्या फायलीचे साहेब म्हणाले, ऐंशी टक्के.
दुसऱ्यांनी ते ऐकलं आणि पंच्याऐंशी सांगितले.
कळमन्याला मिरचीची बोली चढावी तसे
जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही ब्याण्णववर.

मग तितरमारे आला.
आडनावावर कुणीतरी हसलं, त्याला सवय होती.
बाटलीत माती घेऊन आला होता, काटोल रोडकडची, काळी.
उन्हानं भेगाळलेल्या अशा जमिनीत पुरलेला सुरुंग
पाय पडायच्या आधी ऐकू येईल का,
एवढाच त्याचा प्रश्न.
किती टक्के? मी विचारलं.
"माहीत नाही, मॅडम. भेगा खोटं बोलतात.
दोन वर्षं द्या, मग निदान
जमण्यासारखं आहे की नाही, ते सांगतो."

रकान्यात 'माहीत नाही' बसत नाही.
दोनच अंक मावतात.

नऊ वर्षांपूर्वी मीच एक फाईल खोडली,
गिऱ्हेपुंजे बाईंची, रक्त थांबवणाऱ्या पट्टीची.
बरोबर की चूक, कुठेच नोंद नाही.
नाकारलेलं कधी फसत नाही.
बाई पेन्शनीत गेल्या. बर्डीवर दिसतात कधी,
संत्री निवडताना मान वर करत नाहीत.
त्या वर्षी ज्याला दिले, तो फ्यूज मात्र चालला.
उत्तम चालला.
कुठे, कुणावर,
ते सातव्यात नाही, आठव्यातही नाही.

चार वाजता कूलरचा पंप बसला.
मोटघरे आला, पाना लावला, मग कान लावला.
चालेल का रे? अध्यक्षांनी विचारलं.
"चालला तं चालला, साहेब.
नाई तं उद्या पुन्हा खोलू."
त्याला कुणी टक्के विचारले नाहीत.

तितरमारेसमोर मी तीस लिहिलं, खोडलं,
पस्तीस लिहिलं.
खालचं तीस दिसत राहिलं.
शिफारस : तिसरी, नववी
आणि ही.

बाटली तो टेबलावरच विसरला.
वाडी नाक्यापर्यंत माझ्या मांडीवर होती.
गाडी खड्ड्यात आदळली की
आत काहीतरी वाजायचं.
खडा असेल.
खडाच असेल.