शेपटीकडून ओळख

तोंडाकडे बघू नकोस, क्रिसांता म्हणाली,
तोंड सगळ्यांचंच साळसूद असतं.
शेपटी बघ.

सिकिहोरच्या किनाऱ्याला ओहोटी लागलेली.
गुडघाभर पाणी, तळाशी आडवं पडलेलं समुद्रगवत,
नणंद-भावजयीच्या कमरेला शिंपल्यांच्या टोपल्या.
मी डोंगरातली, इफुगाओची,
भाताच्या पायऱ्यांवर वाढलेली.
मला समुद्र म्हणजे कुणी न नांगरलेलं शेत.

तेवढ्यात पोटरीला घसटून गेलं ते अंग,
काळा पट्टा, पांढरा, काळा, पांढरा,
एकाच बोटात कुणी घराण्याच्या सगळ्या अंगठ्या
चढवाव्यात तसं.
मी टोपली टाकून किंचाळले.

शेपटी वल्ह्यासारखी चपटी, तर साप.
विष जहाल, पण स्वभाव भिडस्त.
अंगभर खवले, नीट शाकारलेल्या कौलांसारखे.
दिवस पाण्यात काढतो, तरी अंडी घालायची म्हटली
की मादी निघते खडकाच्या कपारीकडे.
जमीन तिचं माहेर. सुटत नाही.

आणि शेपटी दाभणासारखी टोकदार, तर वाम.
खवला एक नाही, सगळी बुळबुळीत.
पाठीवर काठासारखा बारीक पर,
गालामागे दोन इवलेसे, असून नसल्यासारखे.
घाबरली की उलटी शिरते वाळूत,
शेपटीनंच भोक पाडत,
आणि नाकाच्या दोन नळ्या तेवढ्या बाहेर ठेवते.
सापाचे कपडे घालून हिंडते गरीब,
म्हणून जगते.

आणि पाणी गढूळ असलं, शेपटी दिसलीच नाही तर?

तर थांबायचं.
साप असेल तर श्वासाला वर येईल.

थांबलो.
पोलिकार्पो जहाजावर गेला त्याला अकरा महिने झाले.
तिचा भाऊ, माझा नवरा.
पैसे पाच महिने आले, फोन सात.
घरात आम्ही त्याचं नाव काढत नाही,
ताटं मात्र अजून कधीकधी तीन मांडली जातात.
पाणी पायाभोवती चढायला लागलं.
वर काही आलं नाही.

वाम असेल, मी म्हटलं.
असेल, ती म्हणाली. मग थोड्या वेळानं,
काहींचा श्वास लांब असतो.

संध्याकाळी मिरचीची कुंडी बदलताना
मुळांत सापडलं काहीतरी, करंगळीएवढं,
बुटाच्या नाडीसारखं काळं.
गांडूळ, म्हणून उचललं.
पण गांडुळाला वळ्या असतात, ओल असते;
हे कोरडं, तुकतुकीत,
आणि जीभ काढून माझा तळवा चाखत होतं.
डोळे म्हणजे कागदापलीकडून दिसणारे शाईचे दोन ठिपके.
डोकं कुठलं, शेपूट कुठलं, कळेना.
घ्या, इथे तुमचा नियम चालत नाही.

वाळा आहे, क्रिसांता म्हणाली.
शेपटीला काटा आहे बघ, टोचून बघतो, बस.
मुंग्यांची अंडी खातो.
खातो नव्हे, खाते.
यांच्यात नर नसतोच म्हणे, शाळेतल्या बाई सांगत होत्या.
एकटीच अंडी घालते, त्यांतून पुन्हा मुलीच.
अशा कुंड्यांतून, जहाजांतून गेल्या जगभर.

जहाजांतून? मी विचारलं.
मग एखादीनं तरी पत्र धाडलं का?

ती माझ्याकडे बघत राहिली,
आणि मग इतकी हसली
की हातातली माती सांडली.
मीही हसले. वाळा तेवढ्यात
बोटांच्या फटीतून निसटून
आपल्या अंधारात गेली.

कुंडीला पाणी घातलं.
दोन ताटं काढली.
उद्या ओहोटी पावणेपाचला आहे.